आधीचं चित्र, नंतरचं चित्र

हम्फ्री रेप्टन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या कानावर आलेलं नाही. इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालेल्यांनी जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफिल्ड पार्क'मध्ये ते वाचलं असेल आणि पान उलटून पुढे गेले असतील. 1752 साली जन्मलेला आणि 1818 साली वारलेला हा इंग्रज जवळपास तीस वर्षं घोडागाडीतून देशभर हिंडला. मोठमोठ्या जमीनदारांच्या हवेल्यांभोवतीची जमीन कशी आखावी, झाडं कुठे ठेवावीत, तळं कुठे खणावं, हे तो त्यांना चित्रं काढून आणि लेख लिहून सांगत राहिला.

माझा मुलगा त्याच धंद्यातला. मुळशी-पवनेच्या बाजूला लोक फार्महाउस बांधतात, त्यांच्या बागा तो आखतो. रेप्टन त्याचा आदर्श. माझी थोरली बहीण साताऱ्याला कॉलेजात इतिहास शिकवायची. तिलाही रेप्टन ठाऊक आहे, पण वेगळ्या कारणाने. गणपतीत ती आमच्याकडे आली तेव्हा आत्या-भाच्याची या माणसावरून जुंपली. बोलणं कामाचं वाटलं म्हणून लिहून काढलं. आरडाओरडा गाळला आहे, आणि कंसात मी अधूनमधून नाक खुपसलं आहे.

भाचा: आत्या, तू त्याला श्रीमंतांचा भाट म्हणतेस. पण तो स्वतः कधी श्रीमंत नव्हता गं. वडील सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्सला अबकारी खात्यात. पोराने व्यापारी व्हावं म्हणून बाराव्या वर्षी त्याला हॉलंडला धाडला, डच शिकायला. परत आल्यावर नॉर्विचला कापडाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली. मग स्वतःचा धंदा काढला, तो बुडाला. आईवडील गेल्यावर हातात थोडा पैसा आला, तेव्हा सस्टेड नावाच्या खेड्यात जाऊन राहिला. चित्रं काढली, झाडंझुडपं ओळखायला शिकला. विल्यम विंडम म्हणून शेजारी एक बडा माणूस होता, त्याचा सेक्रेटरी म्हणून थोडे दिवस आयर्लंडला गेला. मग जॉन पामरच्या टपालगाड्यांच्या योजनेत पैसे घातले. योजना जोरात चालली, पामरचं भलं झालं, याचे पैसे गेले. 1788 साली हा छत्तीस वर्षांचा, पदरात चार मुलं, मिळकत जेमतेम. एका रात्री झोप येईना, आणि सकाळपर्यंत त्याने ठरवून टाकलं की आपण बागा आखायच्या.

आत्या: आणि सकाळी उठून पत्रं लिहायला बसला. कुणाला? ओळखीपाळखीच्या जमीनदारांना.

भाचा: मग आणखी कुणाला लिहिणार? बागेला जमीन लागते, आणि जमीन त्यांच्याकडे होती.

आत्या: माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. जमीन त्यांच्याकडे होती, की त्यांच्याकडे आली होती? त्याच काळात इंग्लंडच्या पार्लमेंटने हजारो कायदे करून गावांची सामायिक कुरणं, माळ, जंगलकडा कुंपणात घातल्या. आपल्याकडची गायरानं उद्या एकेका माणसाच्या सातबाऱ्यावर चढवली तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आण. गुरं चारायची कुठे, सरपण आणायचं कुठून? अशा जमिनीवर बाग आखायला जाणारा माणूस निष्पाप कसा राहील?

भाचा: कुंपणं त्याने नाही घातली. लॅन्सलॉट ब्राउन, ज्याला सगळे 'केपेबिलिटी' म्हणायचे, तो 1783 ला गेला, आणि देशातली सगळ्यात मोठी जागा रिकामी झाली. रेप्टनने ती हेरली. ब्राउनच्या मुलाने बापाचे नकाशेसुद्धा याला देऊन टाकले. पण ब्राउन ठेकेदार होता. आखणी त्याची, मजूर त्याचे, माती उपसायची तीही त्याने, झाडं लावायची तीही त्याने. पैसा त्यात होता. रेप्टनने ते केलं नाही. तो फक्त सल्ला द्यायचा. जायचा, बघायचा, मोजायचा, घरी येऊन कागदावर उतरवायचा, आणि पुढचं मालकावर सोपवायचा.

आत्या: रोजाचे पाच गिनी घेऊन. ऑस्टिनच्या कादंबरीत तो मूर्ख रशवर्थ हाच आकडा सांगतो ना? पाच गिनी म्हणजे एकशे पाच शिलिंग. 1790 च्या दशकात शेतमजुराला आठवड्याला आठ-दहा शिलिंग मिळत. म्हणजे रेप्टनसाहेबांनी एक दिवस काठी घेऊन रानात फेरफटका मारला की मजुराची दहा-बारा आठवड्यांची मजुरी वसूल.

भाचा: तू माझंही बिल असंच मोजतेस.

आत्या: तुझंही तसंच आहे म्हणून मोजते.

(ऑस्टिनला हा आकडा हवेतून सापडलेला नव्हता. तिच्या आईच्या नात्यातल्या थॉमस ली या पाद्र्याने अ‍ॅडलस्ट्रॉपला आणि पुढे स्टोनली अ‍ॅबेला रेप्टनला बोलावलं होतं. नातेवाइकांच्या घरी बाग आखायला आलेल्या माणसाचा दर ठाऊक असणं आणि तो कादंबरीत एका ढोल्या जमीनदाराच्या तोंडी घालणं, हे ऑस्टिनबाईंनाच शोभतं.)

भाचा: बरं, पैशाचं सोड. त्याची लाल पुस्तकं बघ. तो जागेवर पोहोचला की मालकाबरोबर घोड्यावरून नाहीतर पायी सगळी जमीन बघायचा, थिओडोलाइटने मोजायचा, दहा ठिकाणी उभा राहून चित्रं काढायचा. गाडीत बसल्या बसल्या टिपणं. घरी, एसेक्समध्ये हेअर स्ट्रीटवर, त्याचं छोटं घर होतं. तिथे मुलांना हाताशी घेऊन पुस्तक तयार व्हायचं. मजकूर सुबक हस्ताक्षरात, मध्ये जलरंगातली चित्रं, आणि वर तांबड्या मोरोक्को चामड्याची बांधणी. आता खरी गंमत. चित्राच्या काही भागावर कागदाची झडप चिकटवलेली असायची. झडप मिटलेली असली की जागा आज आहे तशी दिसते: उघडी टेकडी, चिखलाचं डबकं, वेडंवाकडं कुंपण. झडप उचलली की खाली उद्याची जागा. टेकडीवर झाडी, डबक्याच्या जागी तळं, कुंपण नाहीसं. आजूबाजूचं चित्र तेच राहतं, जोड कुठे कळत नाही. मी क्लायंटला 'बिफोर-आफ्टर' दाखवतो ना लॅपटॉपवर, बोटाने रेघ सरकवून? ते या माणसाने 1789-90 ला कागद आणि गोंद घेऊन केलंय.

आत्या: कल्पना झकास आहे, नाही म्हणत नाही. दिवाणखान्यात टेबलावर ते लाल पुस्तक पडलेलं, आल्यागेल्याने झडप उचलायची आणि 'वा वा' म्हणायचं. बाग झाली नाही तरी पुस्तक झालंच.

भाचा: ते मात्र खरं. खूपशा बागा झाल्याच नाहीत. चारशेच्या वर जागा त्याने पाहिल्या असं तो स्वतः सांगतो. मालक पुस्तक घ्यायचे, त्यातलं सोपं तेवढं करायचे, बाकीचं ठेवून द्यायचे. आमच्याकडेही थ्रीडी बघून झाल्यावर क्लायंट म्हणतो, आता आमचा माळी करेल. ती रीत तेव्हापासूनची आहे.

(जाहिरातीच्या बाबतीत रेप्टन कच्चा नव्हता. 'पोलाइट रिपॉझिटरी' नावाची खिशात मावणारी दैनंदिनी निघायची, तिच्यात त्याने आखलेल्या जागांची चिमुकली चित्रं वर्षानुवर्षं छापून येत. त्याच्या व्यवसायाच्या कार्डावरही चित्र होतं: थिओडोलाइटशी उभा असलेला तो स्वतः, मागे तळं, आणि बाजूला कुदळ-फावडं घेतलेले मजूर. मजूर कार्डावर आहेत, हे बहिणीच्या लक्षात आणून दिलं. ती म्हणाली, "कार्डावर आहेत रे. झडपेखाली बघ आहेत का." आणि मग ती मुख्य आरोपाकडे वळली.)

आत्या: त्याच्या शेवटच्या पुस्तकात, 1816 च्या 'फ्रॅगमेंट्स'मध्ये, त्याने स्वतःच्याच घरासमोरचं चित्र दिलंय. हेअर स्ट्रीटचं. झडप मिटलेली असताना काय दिसतं? घरापुढे जेमतेम अंगण, मग कुंपण, कुंपणापलीकडे गावाची मोकळी जागा, रस्ता, रस्त्यावर गाडी, समोर खाटकाचं दुकान आणि दुकानाबाहेर टांगलेलं मांस. आणि कुंपणाशी येऊन उभा राहिलेला एक अपंग भिकारी. नेपोलियनशी लढाया चालल्या होत्या तो काळ. कोण जाणे, तिथूनच परतलेला असेल. आता झडप उचल. परवानगी काढून कुंपण वीसेक यार्ड पुढे सरकवलंय. गावाच्या जागेचा तुकडा बागेत आलाय. तिथे गुलाब, वेली, हिरवळ. खाटकाचं मांस झुडपांनी झाकलंय. आणि भिकारी? भिकारी गायब. त्याला उभं राहायला जागाच उरली नाही. आता सांग, मी आणखी काय पुरावा देऊ?

भाचा: तू चित्र बघतेस, पण त्याखालचा मजकूर वाचत नाहीस. त्याने रस्ता झाकला का? नाही झाकला. चार झाडं लावून तो सगळंच बंद करू शकला असता. तो उलट लिहितो की ही हलती-बोलती गावची वाट मला इतकी प्रिय आहे, की दुसऱ्यांना मी जी एकाकी उपवनं सजवून दिली त्यांच्याशी हिची अदलाबदल करणार नाही. चारशे जमीनदारांच्या जमिनी बघितलेला माणूस हे म्हणतोय! त्याला गाड्या हव्या होत्या, येणारी-जाणारी माणसं हवी होती. फक्त टांगलेलं मांस नको होतं.

आत्या: आणि भिकारी.

भाचा: ...आणि भिकारी. ठीक आहे.

आत्या: ब्रिस्टलजवळ ब्लेझ कॅसलला त्याने काय सुचवलं? समोरच्या दाट रानात एका लाकूडतोड्याचं खोपट बांधा. का? तर खोपटाच्या धुराड्यातून निघणारा निळसर धूर झाडांवर तरंगताना हवेलीतून छान दिसेल. म्हणजे गरीब चालतो, धुराएवढा. जवळ येऊन कुंपणाला टेकला की चालत नाही.

भाचा: धूर निघतो म्हणजे चूल पेटते. चूल पेटते म्हणजे तिथे कुणाला तरी घर मिळालं आणि काम मिळालं. त्याचा मुद्दा तोच होता: निर्जन रान उदास वाटतं, माणूस राहत असल्याची खूण हवी. तुला तो धूर सजावट वाटतो, मला वस्ती वाटते.

आत्या: ज्याच्या डोळ्यात धूर जातो त्याला विचारायला हवं.

(इथे चहा आला. दोघांनीही एकमेकांकडे न बघता घेतला.)

भाचा: आता त्याच 'फ्रॅगमेंट्स'मधली दुसरी जोडी घे. तिला शीर्षक दिलंय 'सुधारणा', आणि ते चक्क उपरोधाने. आधीच्या चित्रात जुन्या घराण्याची मिळकत आहे. रस्त्याच्या कडेला मोठं जुनं झाड, त्याच्याखाली वाटसरूंना टेकायला बाक, कुंपण ओलांडायला शिडी, आत जाणारी पायवाट. नंतरच्या चित्रात मिळकत एका नव्या पैसेवाल्याने घेतलीय. झाड तोडलंय, बाक गेलाय, शिडी काढून टाकलीय, वाट बंद, आणि पाटी लावलीय की आत माणसं पकडायचे सापळे आहेत. ही जोडी कुणी काढली? तुझ्या भाटाने! वहिवाटीची वाट बंद करणाऱ्याला त्याने छापील पुस्तकात, चित्रासकट, चव्हाट्यावर आणलाय.

आत्या: नव्या पैसेवाल्याला आणलंय. जुन्या पैसेवाल्याच्या कौतुकासाठी. जुन्या घराण्याने ती जमीन दोन पिढ्यांपूर्वी कशी मिळवली, त्याचं चित्र कुठाय? हेअरवुडच्या लॅसेल्स घराण्यालाही त्याने लाल पुस्तक करून दिलं. त्यांचा पैसा बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांतला, गुलामांच्या कष्टाचा. ती झडप त्याने उचलली नाही.

भाचा: नाही उचलली. पण लीड्सच्या बेंजामिन गॉटकडे 1810 ला गेला तेव्हा हा माणूस काय म्हणाला बघ. गॉट लोकरीच्या गिरण्यांचा मालक. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, झाडं लावून गिरणी झाका. रेप्टन म्हणाला, गिरणी दिसू द्या. दिवसा ती भव्य दिसते आणि रात्री दिवे लागले की रोषणाईच. पैसा कुठून येतो ते घरातून दिसलं तर बिघडलं काय?

आत्या: मालकाला आपली गिरणी बघायला आवडणारच की!

(बहिणीशी वाद घालणं सोपं नाही, हे मला पन्नास वर्षं ठाऊक आहे. मुलाने इथे डाव बदलला आणि तो बागेच्या कलेकडे वळला. तिकडे तो जास्त भक्कम आहे.)

भाचा: ब्राउनने हवेलीच्या उंबरठ्यापर्यंत गवत आणून भिडवलं होतं. लपलेला चर खणायचा, त्याला आतून भिंत. गुरं अलीकडे येत नाहीत, पण घरातून कुंपण दिसत नाही. वाटतं, सगळा मुलूख आपलाच. रेप्टनने सुरुवातीला तेच केलं, पण हळूहळू तो त्यापासून दूर गेला. तो म्हणाला, घराजवळ ओटा हवा, कठडा हवा, रेतीची कोरडी पायवाट हवी, फुलांचे वाफे हवेत. इथे बाग संपते आणि तिथे कुरण सुरू होतं, हे उघड दिसू द्या, खोटं कशाला? गाय दिवाणखान्याच्या खिडकीत डोकावते असा आभास घालून कुणाचं भलं होतं? आज जगात घराभोवती ज्या बागा दिसतात त्यातली ही घराजवळची आखीव, दूरवरची मोकळी अशी रचना बऱ्याच अंशी त्याची.

आत्या: हे मला पटतं. 

भाचा: मग 1794 ला त्याच्यावर दोघं तुटून पडले, युव्हडेल प्राइस आणि रिचर्ड पेन नाइट. दोघंही हिअरफर्डशरचे जमीनदार, दोघांनाही चित्रकलेचं वेड. त्यांचं म्हणणं, जमीन चित्रासारखी हवी: खडबडीत, रानटी, पडकी. रेप्टनचं गुळगुळीत काम त्यांना मिळमिळीत वाटलं. त्याने फार शहाणपणाचं उत्तर दिलं. चित्रकार एका जागी उभा असतो, बागेतला माणूस चालत असतो. चित्रात एकच प्रकाश, बागेत सकाळ वेगळी आणि संध्याकाळ वेगळी. आणि बागेत राहायचं असतं. खाचखळगे चित्रात छान दिसतात, पण आजीला त्यावरून चालायचं असेल तर?

आत्या: तेवढं शहाणपण टॅटन पार्कला कुठे गेलं होतं? तिथे म्हणे त्याने सुचवलं की रस्त्यावरच्या मैलांच्या दगडांवर मालकाच्या घराण्याचं चिन्ह कोरा, म्हणजे वाटसरूला कळेल जमीन किती दूरवर पसरलीय. नाइटने कवितेत त्याची टर उडवली, आणि थॉमस लव्ह पीकॉकने पुढे 'हेडलाँग हॉल' कादंबरीत त्याचं पात्रच केलं, नाव ठेवलं मार्माड्यूक माइलस्टोन. त्यात दुसरा एक पाहुणा बागेतल्या अनपेक्षितपणाचा गुण सांगत असतो, तर हेच बाग आखणारे साहेब त्याला विचारतात की त्याच बागेत दुसऱ्यांदा फिरताना या गुणाला काय म्हणायचं!

भाचा: शेरिंगहॅमला दुसऱ्यांदा काय, शंभराव्यांदा जा. नॉर्फोकच्या किनाऱ्यावर 1812 ला अ‍ॅबट अपचर नावाच्या तरुण जमीनदारासाठी त्याने ते आखलं. रस्ता झाडीतून येतो, काही दिसत नाही, आणि एका वळणावर समोर सगळा पट उघडतो: उतार, घर, टेकड्या. घर समुद्राकडे तोंड करून नाही. उत्तरेचा वारा बोचरा म्हणून टेकडीच्या आडोशाला बसवलंय. हे त्याचं स्वतःचं सगळ्यात लाडकं काम. आणि तुझ्यासाठी खास: त्या लाल पुस्तकात तो अपचरला सांगतो की गावातल्या गरिबांना महिन्यातून एकदा रानात येऊन वाळकी लाकडं वेचू द्या.

आत्या: महिन्यातून एकदा! आणि रखवालदाराच्या नजरेखाली. पूर्वी रोज वेचत होते रे.

भाचा: पण सुचवलं तरी. रोजाचे पैसे देणाऱ्याला असं काही सुचवायला धारिष्ट्य लागतं. मी कुठल्याच क्लायंटला अजून असलं काही सुचवलेलं नाही.

(हे त्याने आपणहून कबूल केलं, आणि आत्याने त्यावर काही टोमणा मारला नाही. वादातला हा एवढाच क्षण मला थोडा वेगळा वाटला. मग मी विषय आपल्या मुलखाकडे वळवला, कारण रेप्टनचा आणि हिंदुस्थानचा एक धागा खरोखरच आहे. ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट नावाची हवेली आहे, घुमट-छत्र्यांची. कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये पैसा मिळवून परतलेल्या चार्ल्स कॉकरेलची ती. रेप्टनला तिथे सल्ल्याला बोलावलं होतं. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नाही. थॉमस आणि विल्यम डॅनियल यांच्या चित्रांवरून त्याने इथली वास्तुकला जाणून घेतली आणि तिच्या प्रेमातच पडला. डॅनियलांच्या 'ओरिएंटल सीनरी' या ग्रंथमालेत वेरूळच्या लेण्यांचीही चित्रं आहेत, आणि ती काढली होती जेम्स वेल्सने. हाच तो स्कॉटिश चित्रकार, जो पुण्यात पेशव्यांच्या दरबारी राहिला आणि ज्याने सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रं काढली.)

भाचा: ब्रायटनचं सांगा ना, बाबा.

(ब्रायटनला युवराजाचा समुद्रकाठचा महाल होता. युवराजाने रेप्टनला बोलावलं. रेप्टनने 1806 मध्ये हिंदुस्थानी थाटाचा महाल आणि बाग, असं जंगी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. युवराज म्हणाला, उत्तम, सगळंच्या सगळं लगेच करायचं. आणि काहीही झालं नाही, कारण युवराज कर्जात बुडालेला. 1808 ला रेप्टनने ते आराखडे छापून काढले, तेवढंच समाधान. 1815 नंतर महाल खरंच हिंदुस्थानी थाटात उभा राहिला, पण काम मिळालं जॉन नॅशला. नॅश हा रेप्टनचा एके काळचा भागीदार. दोघांचं पूर्वीच फाटलं होतं.)

आत्या: राजाच्या शब्दावर विसंबला तो बुडाला. यात मला त्याची कीव येते, खरंच.

भाचा: नॅशला ते काम मिळण्याआधीच रेप्टनवर खरा घाव बसला होता. 29 जानेवारी 1811 ला मुलींना घेऊन एका नाचाच्या समारंभातून परतताना बर्फाळ रस्त्यावर गाडी उलटली. पाठीच्या कण्याला मार लागला. आयुष्यभर गाडीतून हिंडलेला माणूस, त्यानंतर चाकांच्या खुर्चीत. शेरिंगहॅम त्यानंतरचं आहे, लक्षात घे. आणि 'फ्रॅगमेंट्स'मध्ये बघ, खुर्चीतल्या माणसासाठी त्याने वाफे उंच बांधायला सांगितलेत. म्हणजे न वाकता, खुर्चीत बसल्या बसल्या हात पुढे केला की स्ट्रॉबेरी तोडता येते. रेतीच्या वाटेपेक्षा हिरवळीवर खुर्ची बरी चालते, हेही लिहितो. दोनशे वर्षांनी आम्ही 'अ‍ॅक्सेसिबल गार्डन' म्हणून सेमिनार घेतो.

आत्या: स्वतःचा पाय गेल्यावर शहाणपण आलं. कुंपणाशी उभ्या असलेल्या त्या माणसाला कुठे होता उंच वाफा?

भाचा: आत्या, तू निष्ठुर आहेस. त्याच पुस्तकात त्याने केंटमधल्या एका गावासाठी वर्कहाउसचा आराखडा दिलाय. म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसायला दक्षिणेचं ऊन, पुढे फुलांची बाग. वर्कहाउस म्हणजे गरिबांचा तुरुंग होता तेव्हा. तिथे बाग आखायचं कुणाच्या मनातसुद्धा येत नव्हतं.

आत्या: बांधलं का तसं?

भाचा: तू ना...

(इथवर आल्यावर मला बोलणं भाग होतं. माझं मत मी दोघांना सांगितलं तेच इथे देतो. बहीण म्हणते ते खरं आहे: रेप्टनचं पोट ज्यांच्यावर होतं त्यांच्याच डोळ्यांनी त्याने देश पाहिला, आणि त्यांना जे बघायला नको ते झाकून दिलं. मुलगा म्हणतो तेही खरं आहे: त्याच्याइतका घराचा, चालणाऱ्याचा, म्हाताऱ्याचा विचार त्या काळात दुसऱ्या कुणी बाग आखणाऱ्याने केला नव्हता. पण मला त्याच्यात तिसरंच काहीतरी मोलाचं वाटतं. ब्राउनने असंख्य जागा बदलल्या, आणि आधी तिथे काय होतं ते त्याच्या मागे बहुतेक पुसलं गेलं. त्याने पुस्तक लिहिलं नाही. रेप्टनला पुढचं विकायचं होतं, म्हणून त्याला आधीचं काढून दाखवावं लागलं. धंद्याची गरज होती ती, उदारपणा नव्हे. पण त्यामुळे झालं असं, की ज्या भिकाऱ्याला त्याने बागेतून घालवलं त्याची एकमेव नोंद त्यानेच करून ठेवली. खाटकाचं दुकान, शिडी, बाक, वाट: सगळी साक्ष झडपेवर आहे. आत्या ज्या चित्राने त्याला दोषी ठरवते, ते चित्रही त्यानेच काढलेलं आहे. एवढा प्रामाणिकपणा तुझ्या लॅपटॉपवर नाही, असं मी मुलाला म्हणालो. तिथे 'आधी' म्हणून एक रखरखीत फोटो असतो, तोही मुद्दाम भर उन्हात काढलेला, आणि त्यात माणूस नसतो.)

भाचा: माणूस फ्रेममध्ये आला तर क्लायंट विचारतो, हा कोण.

आत्या: मग सांग ना, कोण ते.

त्यावर मुलाकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाही. वाद तिथे मिटला नाही, नुसता थांबला.

रेप्टन 24 मार्च 1818 ला गेला. नॉर्फोकमध्ये एल्शमच्या चर्चला लागून त्याला पुरलं. थडग्यावरच्या ओळी त्याने स्वतःच लिहून ठेवल्या होत्या, आणि थडग्यावर गुलाब असावेत अशी इच्छाही. अपचर त्याच्यापाठोपाठ वर्षभरात, ऐन तारुण्यात गेला, शेरिंगहॅमच्या नव्या घरात राहायच्या आतच. घर पुढे मुलाने पुरं केलं. ते उपवन आता नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि महिन्यातून एकदा नव्हे, रोज कुणीही तिथे जाऊ शकतो. रेप्टनने 1812 मध्ये तिथल्या टेकाडावर एक छोटं मंदिरवजा मंडप काढून दाखवला होता. तो 1975 साली बांधला गेला.

'फ्रॅगमेंट्स'च्या स्कॅन केलेल्या प्रती आता इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. हेअर स्ट्रीटचं पान उघडलंत, तर गुलाबांकडे जायची घाई करू नका. झडप मिटलेलं चित्र आधी नीट बघा.